सोबतीचा फरक

देणगीचा निकाल आला तेव्हा पद्मजा मगदूम ‘सोबत’च्या कार्यालयाच्या पायरीवर चहा पीत बसली होती. फोनवर एकच ओळ होती: ‘सोबत, मिरज. अपेक्षित फरक नगण्य.’ पूर्वी नकार देतानासुद्धा लोक दोन गोड वाक्यं लिहीत, आपल्या कार्याबद्दल आदर आहे वगैरे म्हणत. आता तेवढीही तसदी कोणी घेत नव्हतं. तिने उरलेला चहा कुंडीत ओतला आणि आत जाऊन पंख्याखाली नुसती बसून राहिली.

निम्मं आयुष्य तिने संस्थांसाठी देणग्या मिळवण्यात घालवलं होतं. या कामाची नस तिला ठाऊक होती. मोठमोठ्या प्रतिष्ठानांनाही दरवर्षी नवं वेड लागतं. एके वर्षी सगळ्यांना शौचालयं बांधायची असत, पुढच्या वर्षी कौशल्यविकास, मग हवामानबदल. काम तेच ठेवायचं आणि दरवर्षी त्याला नवं लुगडं नेसवायचं, ही तिची हातोटी. ‘सोबत’ला तिने एकदा मानसिक आरोग्य म्हणून सादर केलं होतं, एकदा महिलांचा रोजगार म्हणून, आणि एका कडक उन्हाळ्यात चक्क उष्णतेच्या लाटेवरचा उपाय म्हणून. पैसे तिन्ही वेळा मिळाले.

‘सोबत’चं काम सांगायला फार सोपं होतं, म्हणूनच ते विकायला अवघड. नदीवेस रुग्णालयात ज्यांचं मागेपुढे कोणी नाही अशा रुग्णांच्या खाटेशेजारी जाऊन बसायचं. औषधपाणी बघायला सिस्टर होत्या. यांनी फक्त बसायचं, बोलावंसं वाटलं तर बोलायचं, नाहीतर गप्प राहायचं. चंपाक्का शेटे यांनी हे सुरू केलं. शाळेतून निवृत्त झाल्यावर अक्कांना घरी बसवेना, म्हणून त्या परक्यांच्या उशाशी जाऊन बसायला लागल्या, असं गावात लोक चेष्टेनं म्हणत. पुढे त्यांच्याभोवती पंधरा-वीस माणसं जमली. त्यात सतारीचे भोपळे कोरणारे दस्तगीर सतारमेकर होते, दोन निवृत्त कंडक्टर होते, भाजी विकून दुपारी मोकळ्या होणाऱ्या बायका होत्या.

आता अक्कांनी पंचाहत्तरी ओलांडली होती आणि त्यांच्या हृदयाची एक झडप निकामी होत आली होती. जिने चढणं बंद करा, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टचं कधीच काही खरं नसे. अक्का म्हणायच्या, माझ्या जागी कोणी आलं की उठते. पद्मजाला पैसे त्यासाठीच हवे होते. पगारी माणसं नेमायची, पाळ्या लावायच्या आणि अक्कांना घरी बसवायचं. पद्मजाची आई लवकर गेली होती; तिची कॉलेजची फी अक्कांनी भरली होती, तिला या कामात आणलं होतं ते त्यांनीच. बाकी संस्थेचं काय व्हायचं ते होवो, अक्का जगायला हव्यात, एवढं एकच तिच्या मनात होतं.

आणि त्याच्या आड ‘अन्यथा’ उभी होती.

एखादं औषध गुणकारी आहे का हे ठरवायचं तर निम्म्या रुग्णांना ते देतात, निम्म्यांना देत नाहीत, आणि दोन्ही गटांत काय फरक पडतो ते बघतात. दानधर्माचं तसं करता येत नाही. गावाला शाळा दिली, तर तेच गाव शाळेविना कसं राहिलं असतं हे कोणी सांगायचं? ‘अन्यथा’ नावाची संगणकप्रणाली ते सांगत असे. आरोग्यपत्र, विजेची बिलं, बसचे पास, फोनचा ठावठिकाणा अशा लाखो नोंदी गोळा करून ती प्रत्येक माणसाचं एक प्रतिरूप बांधायची; संस्थांच्या माणसांचं नावानिशी, लाभार्थींचं निनावी. ते प्रतिरूप त्या माणसासारखं वागायचं, दमायचं, आजारी पडायचं, कामावर दांडी मारायचं. मग ती सगळं शहर संगणकात हजार वेळा जगवून बघायची, हजारदा देणगी मिळाल्यावर आणि हजारदा न मिळाल्यावर. शेवटी दोन्हींत जे अंतर उरे, तो फरक. ज्याचा फरक मोठा त्याला पैसा. अर्ज बंद झाले, सादरीकरणं बंद झाली, विश्वस्तांच्या घरच्या लग्नांना हजेरी लावणं बंद झालं. यंत्राने कितीतरी लबाडांची दुकानं उठवली होती, हेही खरं. सुरुवातीला पद्मजानेसुद्धा टाळ्या वाजवल्या होत्या.

तिने पुण्याला, निकाल पाठवणाऱ्या सुमेध प्रतिष्ठानात फोन लावला. तिथले निरंजन पैंगणकर तिच्याहून वयाने बरेच लहान, स्वभावाने भले. आधी ते इकडचं तिकडचं बोलले, मग ओशाळून म्हणाले, “ताई, तुमची माणसं थांबतच नाहीत.”

म्हणजे काय, ते त्यांनी समजावून सांगितलं. देणगी नाही असं धरून हजार वेळा शहर चालवलं, तरी जवळजवळ दर वेळी ही मंडळी वॉर्डात हजर. बसला पैसे नसले तर चालत. कित्येक आयुष्यांत अक्कांनी घर विकलं, पण काम सोडलं नाही. पैसे दिले तरी रुग्णाजवळ माणूस आहे, न दिले तरी आहे. मग देणगीने बदललं काय?

“आणि त्या हजार वेळांत अक्का कितीदा गेल्या?” पद्मजाने विचारलं.

“त्या लाभार्थी नाहीत, ताई. हिशेब लाभार्थींचाच होतो.”

तो दिवसभर पद्मजाच्या डोक्यात राग नुसता खदखदत राहिला. एखादी संस्था पैशाअभावी लगेच हातपाय गाळून बसणार असेल तर तिला पैसे, आणि पोटाला चिमटा घेऊन काम ओढणाऱ्याला ठेंगा, हा कुठला न्याय? पण पंचवीस वर्षांची सवय रागाहून जुनी होती. देणाऱ्याला काय हवंय ते ओळखायचं. सोलापूरकडच्या एका वसतिगृहाने महिनाभर कुलूप लावल्यावर त्यांचा फरक एकदम वर गेल्याचं तिच्या कानावर आलं होतं. ‘अन्यथा’ माणसांच्या खऱ्या वागण्यावरून शिकत असे. तिला थाप मारायची सोयच नव्हती, कारण ती कोणाला काही विचारतच नसे. तेव्हा खरोखरच थांबायला हवं होतं.

पद्मजाने बैठक बोलावली आणि सगळं नीट सांगितलं. एक महिना कोणी वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. यंत्र तुमचे फोन कुठे फिरतात ते बघतं, म्हणून चुकूनही त्या बाजूला जायचं नाही. मग पैसे येतील, पाळ्या लागतील, अक्कांना विश्रांती मिळेल. तिला वाटलं होतं वाद होईल, कोणी उठून जाईल. तसं काही झालं नाही. दस्तगीरभाईंनी मान हलवली. कंडक्टरांनी मान हलवली. अक्का पदराशी चाळा करत म्हणाल्या, “बघू की महिनाभर.” वीस मिरजकर एका बैठकीत एकमताने हो म्हणाले, तेव्हाच खरंतर तिला संशय यायला हवा होता.

तो महिना पद्मजाने कसाबसा काढला. रुग्णालयाचा रस्ता टाळून ती लांबून बाजारात जायची. संध्याकाळी अक्कांना फोन करायची. अक्का सांगायच्या, घरीच आहे, डाळ निवडतेय. आवाजात थकवा असायचा, पण पद्मजाला वाटे, रिकामपणाचा असेल.

नवा निकाल आला. त्यात ‘नगण्य’ हा शब्दही नव्हता. लिहिलं होतं: ‘सोबतीचा रुग्णांवर परिणाम आढळत नाही.’

निरंजनने दुःखी आवाजात खुलासा केला. महिनाभर तुमचं कोणी फिरकलं नाही, हे फोनवरून दिसतंय. पण त्या काळात रुग्णांची झोप तेवढीच, वेदनाशामक गोळ्या तेवढ्याच, उपचार अर्धवट सोडून जाणारे तेवढेच. माणूस बसला काय आणि न बसला काय, रुग्णाला काही फरक पडत नाही, असं यंत्राने पक्कं केलंय. आणि त्याची शिकवण सगळ्यांची सामाईक असते. देशभरातली प्रतिष्ठानं आता तीच वापरतील.

पद्मजाचा विश्वास बसेना. चपला कशाबशा पायात सरकवून ती तडक रुग्णालयात गेली आणि जिने चढून वॉर्डात शिरली. दाराजवळच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला दस्तगीरभाई पेज भरवत होते. पलीकडे एक कंडक्टर, त्यापलीकडे भाजीवाल्या मालन आणि तानूबाई. खिडकीशी अक्का, एका पोरसवद्या बाईच्या कपाळावर ओली घडी ठेवत.

दस्तगीरभाई चमचा तसाच धरून म्हणाले, “ताई, फोन दुकानात ठेवून येतो मी. तुम्हीच म्हणालात की, ते फोन बघतंय म्हणून.”

प्रत्येकाला वाटलं होतं, आपण एकटेच गुपचूप जातोय. पहिल्याच सकाळी सगळ्यांची जिन्यात गाठ पडली, आणि इतकं हसू झालं की सिस्टरने येऊन दटावलं. पद्मजाला तेवढं कोणी सांगितलं नाही. तिचा फोन सदा हातात, तिला सांगितलं की यंत्रालाही कळेल, असा त्यांचा सरळ हिशेब. पद्मजाने कपाळाला हात लावला. महिनाभर दूर राहिलेली ती एकटीच होती. हसावं की रडावं हे तिला कळेना, आणि मग तिला अतिशय राग आला, तोही या माणसांचा, आणि तो राग आल्याची लाजही वाटली.

पुढच्या आठवड्यांत एकेक फोन येऊ लागले. नाशिकला कर्करोग झालेल्या मुलांजवळ बसणारी एक संस्था होती. तिची देणगी थांबली. लातूरच्या वृद्धांच्या घरभेटी थांबल्या. नाशिकच्या बाई रागावल्यासुद्धा नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या की, मगदूमताई, तुम्ही आमच्या पोटावर पाय दिलात, तो का दिलात तेवढं कळलं तर बरं होईल. नदीवेसच्या व्यवस्थापनालाही निकाल कळला होता. बसणाऱ्यांमुळे वॉर्डात उगाच गर्दी होते, पुढच्या तिमाहीपासून त्यांना आत सोडता येणार नाही, असं त्यांनी कळवलं.

मग पद्मजाने निरंजनला सगळं खरं सांगितलं. त्यांनी सगळ्या नोंदी पुन्हा उघडून पाहिल्या. शेवटी म्हणाले, एक मार्ग आहे. फेरतपासणी. या वेळी फोनवर भिस्त नाही; रुग्णालयाच्या दारावरचे कॅमेरे चेहरे ओळखतील. एक महिना. रक्ताचं नातं नोंदीत असेल त्यालाच आत सोडायचं. तुमच्यापैकी एकजण जरी गेला तरी तपासणी रद्द, आणि जुना निकाल कायमचा. तिसरी संधी नाही.

हे अक्कांना सांगायला पद्मजा त्यांच्या घरी गेली. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे महिनाभर ती माणसं एकटी पडायला हवीत,” त्या म्हणाल्या. “त्यांना त्रास व्हायला हवा. जेवढा जास्त होईल तेवढं आपलं बरं.”

“हो.”

“काय बोलतेस ते कळतंय ना तुला, पद्मा?”

“कळतंय, अक्का. पण नाही केलं तर नाशिकचं बंद, लातूरचं बंद, आणि पुढे आपल्यालाही कोणी आत सोडणार नाही. आणि तुम्ही एक दिवस त्या जिन्यात पडाल.”

अक्का उठून आत गेल्या, पाणी पिऊन आल्या. त्यांचा चेहरा पद्मजाने इतका कठोर कधी पाहिला नव्हता. “नाशिकच्या पोरांसाठी करते,” त्या म्हणाल्या. “माझं नाव त्यात घेऊ नकोस.” त्यानंतर त्या तिच्याशी कामापुरतंच बोलल्या.

या वेळी खरोखरच कोणी गेलं नाही. मालन भाजीची पाटी घेऊन रुग्णालयासमोर बसायची ती दुसऱ्या चौकात बसू लागली. दस्तगीरभाईंनी कोरायला घेतलेला भोपळा दोनदा फोडला. आत काय चाललंय हे सिस्टरांकडून कळायचं, आणि कळलं की जेवण जायचं नाही. एक म्हातारा सलाइन उपसून बसस्टँडवर निघून गेला होता. पद्मजा हे सगळं ऐकायची आणि तिच्या मनात पहिला विचार यायचा तो असा की, ही नोंद झाली असेल. मग तिला स्वतःचीच किळस यायची.

महिना संपत आला असताना अक्का घरी चक्कर येऊन पडल्या. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून जवळच्या रुग्णालयात नेलं, म्हणजे नदीवेसलाच. पद्मजाला कळलं तोवर त्या त्याच तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात होत्या. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की तूर्त धोका नाही, दोन-तीन दिवस ठेवू, बरोबर कोण आहे? अक्कांना मूलबाळ नव्हतं. भाऊ होता तो कधीच गेला होता. नोंदीत नात्याचं असं कोणीच नव्हतं.

पद्मजाने निरंजनला फोन लावला आणि त्यांनी उचलायच्या आत बंद केला. परवानगी मागायची आणि ती नाकारली गेली तर काय, याची तिला भीती वाटली. खरी भीती याची होती की ती मिळेल आणि त्या एका भेटीमुळे सगळी तपासणी डागाळेल.

दिवस मावळताना अनोळखी क्रमांकावरून फोन आला. सिस्टरचा फोन, आवाज अक्कांचा.

“पद्मा, कोणाला तरी पाठवतेस का गं? उगाच आपलं. दुखत नाही काही. शेजारची खाट रिकामी झालीय, बोलायला कोणी नाही.”

महिनाभरात अक्का पहिल्यांदाच तिच्याशी मऊपणे बोलत होत्या.

“पाठवते, अक्का.”

“लगेच?”

“येतील इतक्यात.”

ती खरोखरच निघाली. रुग्णालयाच्या दारासमोर रस्त्यापलीकडे फळवाला होता, तिथवर गेली. मोसंबी घेतली. तिथून तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या दिसत होत्या, दारावरचा कॅमेराही दिसत होता. डॉक्टर म्हणालेत धोका नाही. चार दिवस राहिलेत. नाशिकची मुलं आहेत, लातूरचे म्हातारे आहेत. अक्का स्वतःच म्हणाल्या होत्या ना, नाशिकच्या पोरांसाठी. उद्या त्या रागावतील, परवा घरी येतील, मग पैसे येतील आणि पुन्हा कधी हे जिने नाहीत. एकेक कारण खरं होतं. दस्तगीरभाईंना कळवावं असंही तिच्या मनात आलं, पण कळवलं असतं तर ते कॅमेऱ्याची पर्वा न करता सरळ वर गेले असते. म्हणून तिने कळवलं नाही. भेटीची वेळ संपून दार बंद झालं, तशी ती पिशवी घेऊन परत फिरली.

अक्का पहाटे गेल्या.

अंत्यविधीला सगळं मिरज लोटलं होतं. पद्मजा रडली नाही. लोक म्हणाले, पोरीला धक्का बसलाय. पंधरवड्याने निकाल आला: ‘फरक लक्षणीय.’ सोबतीबद्दलची जुनी शिकवण पुसली गेली. नाशिकला पैसे पुन्हा सुरू झाले, तिथल्या बाईंनी फोनवर रडून आभार मानले. सुमेध प्रतिष्ठानाने ‘सोबत’ला पाच वर्षांची देणगी दिली आणि आणखी रुग्णालयांत काम वाढवा म्हणून सुचवलं.

निरंजनचा आनंद खरा होता. बोलण्याच्या ओघात ते म्हणाले, “ताई, निकाल अगदी काठावर होता. शेवटच्या आठवड्यातल्या एका रुग्णाने तो फिरवला. संध्याकाळपासून त्याने उशाची घंटा इतक्यांदा वाजवलीय की बस्स. सिस्टर दर वेळी येऊन बघायची, तब्येतीची काही तक्रार नाही. नाडीचा आलेख रात्रभर चढत गेलाय. इतकी स्वच्छ नोंद यंत्राला क्वचित मिळते. कोण होतं ते आम्हाला कळत नाही अर्थात, रुग्णांच्या नोंदी निनावी असतात.”

पद्मजाने बरं म्हणून फोन ठेवला. मग ती कार्यालयाच्या मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली, आणि आत कोणी येईपर्यंत तशीच उभी होती.

पगारी माणसांचा पहिला दिवस होता. नव्या मुलींना वॉर्ड दाखवायला ती दस्तगीरभाईंबरोबर वर गेली. पगार नको म्हणाले होते ते, पण बसायला येणार होते. मुली आत गेल्यावर ते दाराशी घुटमळले.

“ताई, एक विचारू? अक्कांनी त्या दिवशी कोणाला बोलावलं होतं का? सिस्टर म्हणते, सारख्या दाराकडे बघत होत्या. तेव्हापासून झोप लागत नाही मला.”

पद्मजाने त्यांच्याकडे पाहिलं. डोळे खोल गेले होते त्यांचे.

“नाही,” ती म्हणाली. “मला फोन केला होता त्यांनी. म्हणाल्या, कोणीही येऊ नका, तपासणी पुरी होऊ दे.”

दस्तगीरभाईंनी मोठा श्वास सोडला. “अल्ला. अक्काच त्या. मग ठीक आहे. मला आपलं वाटत होतं, बोलावलं असेल आणि आपण गेलो नाही.”

पद्मजाने मान हलवली, आणि ते हलक्या पावलांनी आत बसायला गेले.